विश्लेषण : पाळीव कुत्र्याची नसबंदी करायची आहे? शस्त्रक्रियेआधीचे १५ दिवस का महत्त्वाचे?

सातपाटी आणि माहीमच्या मधला शिरगावचा किनारा असो, वाड्यांमधली घरे असोत की बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळी, या पट्ट्यातील बहुतेक ‘पाळीव’ कुत्री दिवसा मोकळीच असतात. खाणे घरचे, नाव घरचे, राखण घराची. फिरणे मात्र गावभर. त्यामुळे घरच्या मादीला पिल्ले झाली की ती कोणाची, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पिल्ले ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र दरवेळी येतो. नसबंदी हा त्यावरचा उपाय आहे, हे अनेकांना माहीत असते. पाऊल अडते ते भीतीपोटी. ‘भूल सहन झाली नाही तर?’, ‘टाके तुटले तर?’, ‘शेजाऱ्यांची कुत्री ऑपरेशननंतर गेली होती…’ ही भीती निराधार नाही. पण यातील बराचसा धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत आणि नंतरच्या दहा दिवसांत कमी करता येतो. तो कसा, ते पाहू.

हा विषय इतका चर्चेत का?

भटक्या कुत्र्यांवरून २०२५ मध्ये देशभर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक देऊन कुत्र्यांना त्याच भागात परत सोडावे, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हटवून पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश आले.

या सगळ्या वादात एक मुद्दा मागे पडला. भटकी कुत्री आकाशातून पडत नाहीत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १.५३ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री होती. त्यांच्या संख्येत घरच्या, पण मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या नकोशा पिल्लांची भर पडत असते. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. दोन वेते आणि दर वेताला पाच पिल्ले धरली, तर वर्षाला एका घरातून दहा पिल्ले होतात. ‘एक-दोन कोणीतरी नेईल’ हे खरे असते. उरलेल्या आठांचे काय, हा खरा प्रश्न असतो.

सोडून दिलेल्या पिल्लांचे काय होते?

कोलकात्याजवळच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी मोकळ्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रजननक्षम वयापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्ले जगली. मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे वाहनाखाली येणे, मारणे, उचलून नेणे अशी माणसाशी संबंधित कारणे होती. ही पिल्ले आपल्या आईजवळ होती. गोणीत भरून किनाऱ्यावर किंवा औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर सोडलेल्या पिल्लाला तेवढाही आधार नसतो.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. उपाशी किंवा तहानलेले राहण्याची वेळ येईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी कोणाची?

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये याची स्पष्ट विभागणी आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि त्यात ग्रामपंचायतही येते. पाळीव कुत्र्याचे जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. ‘गाडी येईल तेव्हा आमचीही घेऊन जातील’ असे म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

मादीमध्ये पूर्ण भूल देऊन, पोटावर छोटा छेद घेऊन बीजांडकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात. नरामध्ये दोन्ही वृषणे काढतात. माणसांच्या नसबंदीत फक्त नळी बांधतात, इथे अवयवच काढला जातो. त्यामुळे माज, माजाच्या काळातील रक्तस्राव आणि दारात जमणारी नरांची टोळी हे सगळे थांबते.

नराची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते. मादीची मात्र पोटाची शस्त्रक्रिया आहे. ‘अर्ध्या तासाचे काम’ म्हणून ती हलक्यात घेऊ नये. सर्वाधिक तयारी मादीसाठीच लागते.

फायदा काय आणि तोटा काय?

फायदा केवळ पिल्ले थांबण्यापुरता नाही. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आजार आढळतो. स्वीडनमधील विमा नोंदींच्या अभ्यासात दहा वर्षे वयापर्यंत साधारण चारपैकी एका मादीला तो झाल्याचे दिसले. अशा वेळी आजारी, म्हाताऱ्या मादीवर तातडीने तीच शस्त्रक्रिया करावी लागते आणि तेव्हा धोका कितीतरी पट वाढलेला असतो. लवकर नसबंदी केल्यास स्तनाच्या गाठींचे प्रमाण कमी राहते, असे १९६९ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते. मात्र २०१२ च्या आढाव्यात या विषयावरील एकूण पुरावा फारसा भक्कम नसल्याचे नोंदवले गेले. नरामध्ये वृषणांच्या गाठी टळतात आणि वाढत्या वयात प्रोस्टेट सुजण्याचा त्रास कमी होतो.

मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांसाठी आणखी एक फायदा महत्त्वाचा आहे. संभोगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारी जननेंद्रियाची गाठ भारतात सर्रास दिसते. त्यात योनीतून किंवा लिंगातून रक्त ठिबकत राहते. ‘माजावर आली असेल’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. माजाचा रक्तस्राव दोन-तीन आठवड्यांत थांबतो. त्यापुढेही रक्त दिसत असेल तर नसबंदीची तारीख घेण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

तोटेही आहेत. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि खाणे तेवढेच राहिले तर वजन वाढते. काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींत, उतारवयात झोपेत लघवी ठिबकण्याचा त्रास होऊ शकतो. मोठ्या जातींत फार लवकर शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांच्या तक्रारी वाढतात, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डच्या नोंदींवरून दाखवले आहे.

योग्य वय कोणते?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोठेपणी २० किलोपेक्षा कमी भरणाऱ्या जातींत नराची नसबंदी सहा महिन्यांच्या आसपास आणि मादीची पहिल्या माजाआधी, म्हणजे पाच-सहा महिन्यांत करता येते. मोठ्या जातींच्या नरांत वाढ थांबेपर्यंत, साधारण ९ ते १५ महिने थांबावे. मोठ्या मादीसाठी ५ ते १५ महिन्यांच्या दरम्यान डॉक्टरांनी परिस्थिती पाहून ठरवावे.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचे वजन बहुधा २० किलोच्या आत-बाहेर असते. मादी दिवसभर मोकळी फिरत असेल तर पहिला माज येऊ देणे म्हणजे पहिली पिल्ले होऊ देणेच असते. घरात बांधून ठेवलेल्या लॅब्रॅडॉर मादीचे गणित वेगळे. वय, जात आणि राहणी या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगून मगच तारीख ठरवावी. मादी चार-पाच वर्षांची झाली असेल तरी ‘आता उशीर झाला’ असे नसते. फक्त तपासण्या अधिक काटेकोर कराव्या लागतात.

माजावर असताना शस्त्रक्रिया करावी का?

शक्यतो नाही. माजाच्या काळात गर्भाशयाकडील रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबणे बरे. म्हणून पहिली तयारी अगदी साधी आहे. मादी कधी माजावर आली, ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंदवा. पुढचा माज कधी येईल याचा अंदाज येतो आणि मधला सुरक्षित काळ सापडतो. मधल्या काळात ती बाहेर नराबरोबर दिसली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. गाभण असण्याची शक्यता असेल तर निर्णय बदलतो.

तारीख कशी निवडावी?

आपल्या भागात हवामान आणि घरातील माणसांच्या पाळ्या, दोन्ही पाहावे लागते. पावसाळ्यात जमीन ओली, माशा जास्त आणि जखम कोरडी ठेवणे अवघड. मोकळ्या कुत्र्याच्या जखमेत अळ्या पडण्याची भीती तेव्हा अधिक असते. एप्रिल-मेच्या उकाड्यात भुलेतून बाहेर येणारे कुत्रे धापा टाकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या मानाने सोयीचा. मात्र फक्त हवामानासाठी थांबून मधला माज चुकणार असेल, तर घरात कोरडी, बंद जागा तयार करून पावसाळ्यातही शस्त्रक्रिया करता येते.

दुसरा मुद्दा माणसांचा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या घरांत शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास कोणीतरी जागे आणि जवळ असणे गरजेचे आहे. दुसरी पाळी किंवा रात्रपाळी असलेल्या आठवड्यात तारीख घेऊ नका. पाळी बदलण्याच्या सुट्टीला जोडून घेतली तर पहिला दिवस आणि पहिली रात्र दोन्ही हातात राहतात.

१५ दिवस आधी काय करावे?

तयारीचा गाभा इथे आहे.

१. लस आणि जंतनाशक : रेबीजची आणि इतर आजारांची लस राहिली असेल तर शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि दवाखान्यात आजारी कुत्रीही येतात. जंतनाशकही याच काळात द्यावे. पोटात जंत असलेल्या कुत्र्यात रक्त कमी असू शकते.

२. गोचीड आणि रक्ततपासणी : दमट किनारपट्टीवर गोचीड वर्षभर असतात. गोचिडांमधून पसरणारा एर्लिकिया हा आजार रक्तातील प्लेटलेट कमी करतो. रक्त गोठवण्याचे काम याच पेशी करतात. बबेसिया हा दुसरा आजार तांबड्या पेशी फोडतो. गोम अशी की एर्लिकिया झालेले कुत्रे महिनोन्‌महिने वरून ठणठणीत दिसू शकते. खाते-पिते, भुंकते, राखण करते. शस्त्रक्रियेत मात्र रक्त थांबत नाही. ‘चांगली धडधाकट होती आणि ऑपरेशनमध्ये गेली’ अशा घटनांमागचे एक कारण हेही असू शकते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणी करून घ्या. त्यात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि यकृत-मूत्रपिंडाचे काम पाहतात. कुत्र्यांमध्ये प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. संख्या फार कमी आली तर डॉक्टर आधी उपचार करतात. एर्लिकियाचा औषधोपचार साधारण चार आठवडे चालतो. तोवर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. ढकलली म्हणून नाराज होऊ नका. तपासणीचा उपयोग झाला, असा त्याचा अर्थ आहे. तपासणी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी न करता आठ-दहा दिवस आधी करायची, तीही याचसाठी.

गोचीड घालवण्यासाठी गाई-म्हशींचे औषध अंदाजाने कुत्र्यावर मारू नका. मात्रा चुकली तर विषबाधा होते. गेल्या महिन्याभरात कोणतेही गोचिडाचे औषध, इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर डॉक्टरांना नाव सांगा किंवा पाकिटाचा फोटो दाखवा. काही औषधांचा भुलेशी संबंध येतो.

३. वजन : भुलेची मात्रा वजनावर ठरते. दवाखान्यात काटा नसेल तर घरी आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा. दोन्हींतील फरक म्हणजे कुत्र्याचे वजन. ‘असेल पंधरा-वीस किलो’ हे उत्तर चालत नाही. पंधरा आणि वीसमध्ये भुलेच्या मात्रेचा एक-तृतीयांश फरक पडतो.

४. बांधण्याची सवय : ही गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. जन्मभर मोकळ्या फिरलेल्या कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर अचानक बांधले तर ते ओढाताण करते, रात्रभर ओरडते, उड्या मारते आणि टाके तुटतात. पंधरा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ गळपट्टा आणि दोरी लावा. ज्या खोलीत पुढचे दहा दिवस ठेवायचे, तिथे त्याला जेवण द्या म्हणजे ती जागा आपली वाटू लागेल. जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती लावायचा प्लास्टिकचा कोन आधीच आणून दिवसातून पाच-दहा मिनिटे घालून पाहा. तोंडाला मुसके घालण्याची सवयही अशीच हळूहळू लावता येते.

५. अंघोळ : शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी घालून पूर्ण कोरडे करा. पुढचे दहा-चौदा दिवस अंघोळ बंद असते.

डॉक्टर कसा निवडावा?

शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायची असते. त्यासाठी पशुवैद्यकशास्त्राची पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. तालुक्यात पशुसंवर्धन खात्याचे श्रेणी-१ आणि श्रेणी-२ असे दवाखाने असतात. श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी-२ चा दवाखाना परंपरेने पदविकाधारक कर्मचारी सांभाळत आले आहेत. लस, जंतनाशकासाठी तिथे जाता येते. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी नव्हे. सरकारी दवाखान्यात कुत्र्यांची शस्त्रक्रिया होते का, कोणत्या दिवशी होते, हे आधी फोन करून किंवा जाऊन विचारावे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्यालगतचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. साध्या नसबंदीसाठी मात्र घराजवळचा, रात्री फोन उचलणारा डॉक्टर अधिक उपयोगी पडतो.

खासगी दवाखाना असो वा शिबिर, तारीख घेण्याआधी पुढील प्रश्न विचारा :

• भूल इंजेक्शनने देणार की गॅसने? शस्त्रक्रिया चालू असताना भुलेवर लक्ष कोण ठेवणार?
• शिरेतून सलाइन, श्वासनलिकेत नळी आणि प्राणवायू यांची सोय आहे का?
• वीज गेली तर काय व्यवस्था आहे?
• वेदनाशामक किती दिवस देणार?
• टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढावे लागतील?
• रात्री काही झाले तर कोणाला फोन करायचा?
• सांगितलेल्या खर्चात रक्ततपासणी, औषधे, कोन आणि पुन्हा दाखवण्याची फी धरली आहे का?

हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरे सहज देतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत भुलेनंतर श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. त्यांच्यासाठी प्राणवायू आणि श्वासनलिकेची नळी याबाबत तडजोड करू नये.

आदल्या रात्री काय करावे?

भुलेत उलटी झाली आणि अन्न श्वासनलिकेत गेले तर जीवावर बेतू शकते. म्हणून प्रौढ कुत्र्याला साधारण ६ ते ८ तास उपाशी ठेवतात. पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. त्यांच्यात साखर झपाट्याने उतरते. किती तास आणि पाणी कधी बंद, हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पाळा.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. घरात कोणी काही दिले नाही तरी पहाटे मोकळे सुटलेले कुत्रे किनाऱ्यावर जाऊन वाळत घातलेले बोंबील किंवा टाकून दिलेली मासळी खाऊन येते. घरच्यांच्या लेखी ते ‘उपाशी’ असते. त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून ते घरातच बंद किंवा बांधलेले असले पाहिजे. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. एक पोळी किंवा माशाचे डोके प्रेमाने देणारे कोणीतरी असतेच. तरीही काही खाल्लेच, तर डॉक्टरांपासून लपवू नका. तारीख बदलता येते.

सकाळी शी-शूसाठी दोरी लावूनच बाहेर न्या. सोबत लसीचे कार्ड, रक्ततपासणीचा अहवाल, स्वच्छ सुती चादर, जुने टॉवेल आणि पाणी घ्या. परतीसाठी रिक्षा किंवा गाडी आधीच ठरवा. जाताना स्कूटरवर मध्ये बसवून नेलेले कुत्रे परत येताना अर्धवट भुलेत असते. त्याला दुचाकीवर आणू नका.

घरी आणल्यावर पहिले २४ तास?

भुलेनंतर शरीर थंड पडते. पंख्याच्या झोतात किंवा ओल्या लादीवर ठेवू नका. चादर अंथरून, एका कुशीवर, जमिनीलगत झोपवा. खाटेवर किंवा ओट्यावर ठेवले तर तोल जाऊन पडू शकते. लहान मुले आणि दुसरी कुत्री दूर ठेवा. भुलेतून जागे होताना नेहमी शांत असणारे कुत्रेही घाबरून चावू शकते.

नीट उभे राहू लागल्यावर आधी थोडे पाणी आणि ते पचल्यावर रात्री नेहमीच्या निम्मे हलके जेवण द्या. हिरड्यांचा रंग तासा-दोन तासांनी पाहा. गुलाबी असेल तर ठीक.

वेदनाशामक फक्त डॉक्टरांनी दिलेलेच द्यावे. घरातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्यासाठी घातक ठरू शकते.

पुढचे दहा दिवस कसे?

दहा ते चौदा दिवस उड्या, धावणे आणि जिने बंद. बाहेर नेताना दोरी हवीच. समुद्रावर बिलकूल नेऊ नका. खारे पाणी आणि वाळू टाक्यांत गेली की जखम चिघळते. कोन झोपतानाही राहू द्या. दहा मिनिटे काढलेल्या कोनाने दहा दिवसांची मेहनत वाया जाते. कोन अजिबात सहन होत नसेल तर मादीला जुना टी-शर्ट मागे गाठ मारून घालता येतो. हळद, राख किंवा घरातील मलम लावू नये. कुत्रे ते चाटते आणि चाटण्यानेच टाके सुटतात. जखमेचा रोज एक फोटो, त्याच उजेडात काढा. सूज वाढते की उतरते हे डोळ्यांना कळत नाही, फोटोंत कळते. डॉक्टरांना पाठवायलाही तो उपयोगी पडतो.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता फोन करा :

• हिरड्या पांढरट पडणे, अंग थंडगार पडणे किंवा उठवूनही न उठणे
• जखमेतून थेंब थेंब रक्त सतत येणे किंवा पोट फुगणे
• टाके सुटणे, पू किंवा दुर्गंधी येणे
• वारंवार उलट्या, किंवा २४ तासांनंतरही काहीच न खाणे
• २४ तास लघवी न होणे

आणखी एक सूचना नरांबाबत. नसबंदीनंतर काही आठवडे शरीरात आधीचे शुक्राणू शिल्लक असू शकतात. महिना-दीड महिना त्याला माजावरील मादीपासून दूरच ठेवा. मादीलाही जखम भरेपर्यंत नरांपासून लांब ठेवा.

कान कापून घ्यावा का?

भटक्या कुत्र्याची नसबंदी झाल्याची ओळख म्हणून भुलेत असतानाच कानाच्या टोकाला छोटी खाच करतात. घरातच राहणाऱ्या कुत्र्याला तिची गरज नाही. पण तुमचे कुत्रे गावभर फिरत असेल तर डॉक्टरांशी याबद्दल बोला. उद्या नसबंदीची गाडी आली आणि खूण नसेल, तर तुमच्या मादीला उचलून पुन्हा भूल दिली जाऊ शकते. किमान गळ्यात पट्टा आणि त्यावर मोबाइल क्रमांक असावा.

‘एक वेत तरी होऊ द्या’, ‘राखण करणार नाही’ : यात तथ्य किती?

आरोग्यासाठी एक वेत आवश्यक असते, याला वैद्यकीय आधार नाही. ‘पिल्ले विकून टाकू’ असा विचार असेल तर २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार त्यासाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते.

राखण करणे, अनोळखी माणसावर भुंकणे हे संप्रेरकांपेक्षा स्वभाव आणि सवयीवर अवलंबून असते. नसबंदीने ते जात नाही. नराचे माद्यांमागे भटकणे आणि त्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या कमी होतात. उलट, ‘नसबंदी केली की चावरे कुत्रे शांत होईल’ ही अपेक्षाही चुकीची आहे. भीतीतून चावणारे कुत्रे शस्त्रक्रियेने बदलत नाही.

सुस्त होऊन लठ्ठ होते, ही तक्रार निम्मी खरी आहे. गरज घटते म्हणून शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर भात-पोळी साधारण पाचव्या हिश्शाने कमी करा आणि फिरवणे चालू ठेवा. दर महिन्याला काट्यावर उभे करा. वजन वाढत असेल तर खाणे आणखी घटवायचे की काही तपासायचे, हे डॉक्टर सांगतील.

आणि एक गोष्ट नसबंदीने होत नाही, ती म्हणजे रेबीजपासून संरक्षण. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे शस्त्रक्रिया झाली तरी रेबीजची लस ठरल्या तारखेला दिलीच पाहिजे. टाके काढायला दवाखान्यात जाल, तेव्हाच पुढच्या लसीची तारीख कार्डावर लिहून घ्या.